हर्रास बोलणाऱ्याचा श्वास

प्रवासात कोणी विचारलं की मी सांगते, "लोकांना श्वास घ्यायला शिकवते." समोरचा माणूस हसतोच. एकदा परतवाड्याच्या गाडीत शेजारच्या बाईंनी तर मला सरळ सुनावलं, "अवो, ते तं लेकरू जलमाले येतानाच शिकून येते. त्याच्यासाठी मास्तरीण कायले पायजे?"

बरोबर आहे त्यांचं. लेकराला नाही लागत. पण विषाणूचा ताप छातीत उतरला, न्यूमोनिया झाला, ऑक्सिजनची नळी लावून माणसानं दवाखान्यात दिवस काढले आणि तो घरी आला, की त्याला लागते. ताप गेला, रिपोर्ट चांगले आले, घरच्यांनी नारळ फोडला, आणि हा मोरीपर्यंत चालत जाऊन भिंत धरून उभा! मग सगळे घाबरतात. मी त्यांना गादीचं उदाहरण देते. आपल्याकडे कापूस सगळ्यांना कळतो. गादीत पाणी शिरलं आणि ती वाळली, तरी आत गाठी राहतात की नाही? मग ती पिंजून मोकळी करावी लागते. फुप्फुसाचं तसंच. औषधानं पाणी वाळवायचं, आणि पिंजायला माझ्याकडे यायचं. फक्त हा कापूस फार हळू पिंजावा लागतो, नाहीतर फाटतो.

तर मी फिजिओथेरपिस्ट. गुडघे आणि कंबरवाली नाही, छातीवाली. नोकरी सगळी अमरावतीला झाली. निवृत्त झाले आणि अकोल्याला आईच्या घरी पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल, दोन उशा मांडून बसले. एवढ्यात माझं सगळं दुकान मावतं.

एक यंत्रही असतं, प्लॅस्टिकचं, आत तीन रंगीत गोळ्या. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. आत ओढायचा, फुंकायचा नाही, हे मी ओरडून सांगते आणि दहातले नऊ जण फुंकतात. तेल्हाऱ्याच्या एका घरी मी सहज चौकशीला गेले होते. ओसरीवर ही गर्दी! जावई, साळा, शेजारी, सगळे पाळीपाळीनं नळी तोंडात घालून गोळ्या चढवत होते आणि पैजा लागल्या होत्या. पेशंट कुठंय म्हटलं, तर म्हातारबुवा आत भिंतीकडे तोंड करून झोपलेले. "त्याईले नाई जमत, मॅडम, म्हून आमी करून राहिलो," असं जावयानं मला अभिमानानं सांगितलं. काय बोलणार बाप्पा! एकाची उष्टी नळी पाच जणांच्या तोंडात, आणि तीही छातीच्या साथीतून उठलेल्या माणसाची. त्या दिवशी मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

माझ्यात एक खोड आहे. पेशंटच्या पाठीवर तळवा ठेवला की माझे डोळे आपोआप मिटतात. अमरावतीच्या आमच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, मॅडमले डुलकी लागली. डुलकी नसते ती. तळव्याखाली श्वास येतो, जातो, आणि मी त्याच्या मागोमाग कुठंतरी निघून जाते. चांगल्या फुप्फुसाचा श्वास पहाटेच्या वावरासारखा मोकळा असतो. आखडलेल्या छातीत मात्र कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवरून कोणी दबकत चालावं तसा आवाज येतो. उन्हाळ्यातल्या दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, त्या आवाजाच्या मागे मी इतकी लांब गेलेली असे की पेशंटलाच मला हाक मारावी लागे.

साथीच्या काळातल्या पेशंटांनी तर माझे फक्त डोळे पाहिलेले आहेत. मास्क, टोपी, तो प्लॅस्टिकचा अंगरखा. त्यांचे चेहरे मीही पाहिले नाहीत, पाठीच पाहिल्या. त्यातल्या कितीतरी जणांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. बाजारात एखादा माणूस पाठमोरा उभा दिसला की अजून वाटतं, जाऊन हात ठेवून पाहावं. ही रुखरुख काही जात नाही.

साथ सरली तरी छातीचे ताप सरले नाहीत. ते दर हिवाळ्यात येतातच. देविदासभाऊ अशाच एका हिवाळ्याच्या शेवटचे.

देविदासभाऊ शेंदूरजनाघाटचे. उंच, सडपातळ माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यांना त्यांच्या लेकीनं, वंदनानं, हाताला धरून माझ्याकडे आणलं. वंदना अकोल्यात दिलेली. गावाकडे ताप हटेना म्हणून तिनं बापाला इथं आणून दवाखान्यात भरती केलं, आणि दवाखान्यातून सुटल्यावर स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं. मी भाऊंना विचारलं, दम कधी लागतो? उत्तर वंदनानं दिलं. खोकला? वंदना. झोप? वंदना. भाऊ नुसती बोटं हलवत होते.

"अगं, त्यांना तोंड आहे की नाही?"

"बाबाले बोलायची मनाई आहे, मॅडम. बोलले की दम लागते."

"मनाई कोणी केली? डॉक्टरांनी?"

"नाई. मीच केली."

भाऊंनी माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला. माणूस अजून जिवंत आहे, हे मला तेव्हाच कळलं. मी वंदनाला पाणी आणायला आत पाठवलं आणि म्हटलं, आता बोला.

ते बोलले, पण तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडून. त्यांचं काम हर्राशीचं. लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात. संत्र्याच्या बाजारात मालाच्या ढेऱ्या लागतात, भोवती व्यापारी उभे राहतात, आणि अडत्याचा माणूस ढेरीजवळ उभा राहून बोली पुकारतो. तो पुकारणारा म्हणजे देविदासभाऊ. उभी हयात तेच केलं. त्यांची ख्याती अशी की बोली सुरू झाली की माल सुटेपर्यंत मध्ये श्वास ऐकू येत नसे. एका दमात ढेरी विकायची. शिकवणाऱ्यानं शिकवलंच तसं होतं: पुकारणारा थांबला की घेणारा विचार करायला लागतो, आणि विचार करायला लागलेला माणूस मागं सरकतो. थांबला तो संपला.

"अडत्या म्हणते... दिवाळीपर्यंत... जागा ठेवतो," भाऊ म्हणाले. "आंबिया बहराची हर्रास... मी बोलीन का नाई... तेवढं सांगा. जगनं-मरनं... डॉक्टर पाह्यतीन."

आंबिया बहर म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणारी संत्री. तेवढ्या दिवसांचं मी काय सांगणार? सगळ्यांचं बरं होत नाही. काहींच्या छातीत वण राहून जातात, आणि मी कितीही पिंजलं तरी तो कापूस पुन्हा फुलत नाही. मी म्हटलं, "भाऊ, वचन देत नाही. काम करू."

काम म्हणजे काय, तर आधी बसायचं कसं. टेबलावर उशी, उशीवर कोपरं, मान सैल. दमलेल्या छातीला असं टेकून बसलं की बरं वाटतं. मग नाकानं श्वास आत, आणि बशीतल्या चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून सावकाश बाहेर. आत जितका वेळ, बाहेर त्याच्यापेक्षा जास्त. आणि तिसरी गोष्ट: दम संपायच्या आधी थांबायचं. जिना असो, बोलणं असो, थोडं शिल्लक आहे तोवरच थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढं जायचं. पहिल्या दोन गोष्टी भाऊंनी गुमान केल्या. तिसरीला ते अडून बसले.

"थांबनं आपल्यात नाई, मॅडम."

"मग पडणं आहे का तुमच्यात?"

"पडीन. पन थांबनार नाई."

अडेल बैल परवडला! पण मला राग येईना. ज्या माणसाची सगळी इभ्रत न थांबण्यात आहे, त्याला मी थांब म्हणत होते.

मग मी माझी जुनी तऱ्हा काढली. पेशंटला डोळे मिटायला लावायचे आणि त्याच्या ओळखीच्या रस्त्यावरून श्वासाश्वासानं चालवायचं. पाय खुर्चीखालीच असतात, पण छाती रस्त्यानं चालते. मी भाऊंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, घरून बाजारात निघा. नाकानं आत. कुठं आलात?

"फाटकाशी."

फुंकर. पुन्हा आत. आता?

"कोपऱ्यावर... लिंबाखाली."

असं करत आम्ही गावाबाहेर आलो. बाजार राहिला बाजूला, भाऊ बगिच्यांकडेच वळले. बाहेर अकोल्याचं ऊन तापलेलं, पंखा किरकिरत होता, आणि ते हळूहळू सांगत होते की संत्र्याला फूल आलंय, बुडाशी पांढरा सडा पडलाय, माशा घोंगावतायत, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाऊन राहिलंय. मला तो वास आला. खरंच आला. तळव्याखालची ती पऱ्हाटी मोडणं कमी कमी होत गेली आणि एका क्षणी नुसता श्वास राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर वंदना केव्हाची दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि तिचे डोळे वाहत होते. "बाबा किती दिसानं बोलले," एवढंच म्हणाली.

आम्ही रोज असे हिंडायला जाऊ लागलो, कधी बगिच्यात, कधी बाजारात ढेऱ्यांमधून. भाऊ सुधारत होते. आणि मग उन्हाळा भरात आला आणि गाडी उलटी फिरली. माझ्याकडे दुपारी बसून तासाभरात श्वास मोकळा होई, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा खोकत, छाती भरून येत. बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा कालच्यापेक्षा खाली. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं, औषध बदललं. ते म्हणाले, नवीन ताप नाही, तरी आतली सूज का उतरत नाही कळत नाही, असंच राहिलं तर पुन्हा भरती करावं लागेल. भाऊंनी डोळे मिटून चालणं सोडलं. "रस्ता दिसत नाई," म्हणाले.

मी म्हटलं, उद्या मीच तुमच्या घरी येते.

वंदनाचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि माझं नाक उभं राहिलं. ओल्या, कुजक्या गवताचा वास. खिडकीत कूलर लावलेला आणि त्याचं तोंड थेट भाऊंच्या खाटेकडे, उशीपासून हातभरावर. दारं-खिडक्या कपड्यांनी बंद, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. दिवसरात्र हा गार झोत बापाच्या तोंडावर. आणि वंदना, तिचा नवरा, पोरं? ती सगळी आत स्वयंपाकघरात, ओली चादर बांधून, फरशीवर झोपत. घरात कूलर एकच होता, आणि तो बाबांचा होता.

मी मागं जाऊन कूलरची बाजू उघडली. ताट्यांचं गवत काळं पडलेलं, बुळबुळीत, त्यावर बुरशीची लव. टाकीच्या तळाशी शेवाळ.

वऱ्हाडातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, की होळी झाली की कूलर काढायचा, टाकी घासायची आणि ताट्या नव्या भरायच्या. कूलर ही आमच्याकडे चैन नव्हे, जीव वाचवायची वस्तू. दरसाल अख्खं अकोला हे काम करतं. मी विचारलं, "वंदना, यंदा ताट्या बदलल्या नाहीत?"

"होळीले बाबा ऑक्सिजनवर होते ना, मॅडम. कोनाच्या ध्यानात राह्यते? घरी आनलं तं उन्हं लागलीच होती. तसाच सुरू केला. कावून, काय झालं?"

माझ्या नोकरीत मी माणूस दगावल्याचं घरच्यांना सांगितलेलं आहे. पण त्या पोरीला हे सांगणं त्याहून जड गेलं. सांगावं तर लागणारच होतं. म्हटलं, बाई, या गवतावर बुरशी आहे, पंखा ती हवेत उडवतो, आणि आजारातून उठलेल्या छातीला ती सोसत नाही. दिवसा माझ्याकडे छाती मोकळी होते आणि रात्री इथं पुन्हा भरते.

वंदना मटकन खाली बसली. "म्हंजे मीच," ती म्हणाली. "मायबाई! मी माह्या हातानं बाबाले..." आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा.

"चूप!"

खाटेवरून आवाज आला. असा आवाज मी त्या माणसाचा कधीच ऐकला नव्हता. बाजार गप्प करणारा आवाज तो. देविदासभाऊ उठून बसले होते.

"चूप म्हनतो ना! पोरं उन्हात भाजून काढली तुनं, नवऱ्याले फरशीवर निजवलं, अन् बापाच्या तोंडावर गार हवा धरली. अन् मीच लेकीच्या घरी..."

तिथं दम संपला. चेहरा निळसर झाला. मी धावले. आणि भाऊंनी हात वर करून मला अडवलं. त्यांना बोलायचं होतं. पडून चालणार नव्हतं, लेक समोर कपाळ बडवत होती. ते पुढं वाकले, कोपरं मांड्यांवर टेकली, ओठ आवळले आणि फुंकर सोडली. सावकाश. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. खोली थांबली होती. वंदनाही थांबली. मग ते तितक्याच आवाजात पुढं बोलले.

"...अन् मीच लेकीच्या घरी पाहुना होऊन झोपलो, कूलरात काय आहे ते कदी उठून पाह्यलं नाई. तुई चूक नाई, बाई. तुई मायाच लय मोठी. आता उठ, चहा मांड. मॅडम उभ्या आहेत."

मला रडू आलं. लपवलंही नाही मी ते.

त्याच दिवशी जावयानं ताट्या काढून फेकल्या, टाकी घासली, उन्हात वाळवली, नव्या ताट्या भरल्या. कूलर खोलीच्या आडव्या बाजूला फिरवला, समोरची खिडकी उघडी ठेवायला लावली, आणि मी दम देऊन पोरांना पुढच्या खोलीत झोपायला पाठवलं. डॉक्टरांना कळवलं. तेही म्हणाले, कारण हेच दिसतं. एका रात्रीत काही झालं नाही, अशा गोष्टी एका रात्रीत होत नाहीतच. पण खोकला ओसरू लागला. पावसाळा लागेतो भाऊ गच्चीवर फेऱ्या घालू लागले, आणि वंदनाच्या स्वयंपाकघरातल्या वांग्यांची हर्रास बोलू लागले. एका दमात मात्र ते कधीच जमलं नाही. अर्ध्यात थांबावंच लागे. छातीत थोडा वण राहिला होता, तो राहणार होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तेवढं ऐकून ते गावाला परत गेले.

आंबिया बहराचा माल सुरू झाला तेव्हा वंदनाचा फोन आला. "मॅडम, बाबा उद्या उभे राहून राहिले. मले भेव लागते. तुमी येता का?"

सकाळी आम्ही दोघी शेंदूरजनाघाटला पोचलो. धुकं होतं आणि त्यातून संत्र्याच्या ढेऱ्या दिसत होत्या, एकामागं एक. कडब्यावर मांडलेल्या, दवानं ओल्या. माणसं शालीत गुंडाळलेली. हे सगळं मी डोळे मिटून भाऊंच्या पाठीवर हात ठेवून इतक्यांदा पाहिलं होतं, की आता उघड्या डोळ्यांनी पाहताना मीच स्वप्नात असल्यासारखी चालत होते.

भाऊ पहिल्या ढेरीजवळ उभे राहिले. अडत्या मागं उभा. त्याच्या शेजारी पुकारायला एक दुसरा माणूसही तयार ठेवलेला होता, हे वंदनाला आणि मला दोघींना दिसलं. भाऊंनी दोन संत्री उचलून दाखवली आणि बोली सुरू केली. काय तो आवाज! बोली चढू लागली, व्यापाऱ्यांची बोटं हलू लागली, शब्द एकावर एक पडू लागले, आणि मला कळलं की आता. वंदनाची नखं माझ्या मनगटात रुतली.

आवाज तुटला.

अडत्यानं त्या दुसऱ्या माणसाकडे पाहिलं. भाऊंनी नाही पाहिलं. ते खाली वाकले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि सावकाश फुंकर सोडली. बाजारात पहिल्यांदाच असं झालं होतं. सगळे बघत राहिले. मागं उभा असलेला एक व्यापारी, जो आतापर्यंत गप्प होता, चुळबुळला. माल दुसऱ्याला सुटतोय की काय असं त्याला वाटलं असावं. त्यानं घाईनं हात वर केला आणि बोली वाढवली. दुसऱ्यानं त्याच्यावर चढवली. मग तिसऱ्यानं. पुकारणारा वाकून श्वास घेत होता आणि ढेरीचा भाव आपला आपण चढत होता.

भाऊ सरळ झाले. समोरच्या वर गेलेल्या हातांकडे त्यांनी पाहिलं, क्षणभर त्यांना काही कळेचना, आणि मग त्यांनी शांतपणे पुढची बोली उचलली.

माल सुटल्यावर मी जवळ गेले. सवयीनं पाठीवर हात ठेवला. पाठ घामानं भिजलेली, आत श्वास जोरात चाललेला, पण मोकळा.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "जिंदगीभर मी श्वास लपवून बोललो. आज मी थांबून श्वास घेतला, अन् सारा बाजार, मागं सरायचं सोडून, भाव चढवत थांबला माह्यासाठी."

आणि दुपट्ट्यानं तोंड पुसून ते दुसऱ्या ढेरीकडे निघाले.